खाल्लेलं उणे चिन्ह

"त्यानं काय फरक पडतो?" हा प्रश्न सरांना विचारण्याची चूक आमच्या गल्लीत प्रत्येकाने एकदाच केली. पहिला मान आमच्या यांचा. सर आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आले, त्या दिवशी त्यांची दोन लोखंडी कपाटं जिन्यात अडकून पडली होती. दोन्ही एकाच दुकानातली, एकाच रंगाची, आणि दोन्ही रिकामी. तरी कोणतं डाव्या भिंतीला आणि कोणतं उजव्या भिंतीला लावायचं, हे सरांचं ठरेना, आणि हमाल घाम पुसत उभे. शेवटी हे म्हणाले, "सर, दोन्ही सारखीच आहेत. इकडचं तिकडं गेलं तर काय फरक पडतो?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "भाऊ, बसा," म्हणाले. यांना पायरीवर बसवलं आणि बोलायला लागले. हमाल चौकात जाऊन चहा पिऊन आले तरी हे पायरीवरच. खाली आल्यावर मला म्हणाले, "माणूस सज्जन आहे. पण त्याच्याशी बोलायला जायचं तर जेवून जायला पाहिजे."

सर आमच्या देऊळगाव राजातल्या एका कॉलेजात गणित शिकवत. मूळचे वरवट बकालचे, म्हणजे जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाचे. शेती भाऊ बघायचे. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही, हे मी एकदा विचारलं तर म्हणाले, "दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवायच्या म्हंजे लई विचार करा लागते वहिनी." वर्गात ते चांगलं पुस्तकी बोलत, पण जिना चढता-उतरताना आणि गणितात रंगल्यावर त्यांचं वऱ्हाडी बाहेर यायचं. आमची बोली जालन्याकडे झुकलेली, त्यामुळे सुरुवातीला मला अर्धं समजत नसे. त्यात विषय असा की उरलेलं अर्धंही समजत नसे.

त्यांच्या विषयाचं नाव कॅटेगरी थिअरी. कोणी विचारलं की सर उत्साहाने सांगत, "मी कॅटेगरीवर काम करतो," आणि समोरचा ताबडतोब विचारी, "मग आमच्या पोराच्या जातीच्या दाखल्याचं बघा ना सर, दोन महिने झाले." सर त्यालाही नाही म्हणत नसत. तहसीलमध्ये जाऊन चौकशी करून येत.

मी एका शाळेत हिशेबनीस आहे. बेरीज वरून खाली केली की खालून वर करून बघायची, ही माझी सवय. घरातले त्यावरून हसतात. सर हसले नाहीत. एके दिवशी मी फोनवर तपासनीसाशी वाद घालत होते. एका विद्यार्थ्याच्या फीची पावती, मग एक रद्दची नोंद, मग त्याच रकमेची दुसऱ्या मुलाची पावती, असा तो मामला होता. तपासनीस म्हणत होते, रक्कम सारखी आहे, पहिली रद्द समजा नाही तर तिसरी, शिल्लक तीच. मी म्हणत होते, शिल्लक तीच, पण पावती कोणत्या मुलाची राहिली ते सांगा. फोन ठेवला तर सर जिन्यात थांबलेले. हातात दुधाची पिशवी. म्हणाले, "वहिनी, तुम्ही माह्याच खात्यात आहा."

त्या दिवसापासून त्यांनी मला त्यांचा विषय समजावून सांगायला घेतला. मी नको म्हणाले नाही, कारण भाकरी थापताना कान रिकामेच असतात.

मला जे समजलं ते असं. काही गोष्टींना त्यांची उलट असते. मूळ आणि उलट एकत्र आल्या की काहीच उरत नाही. अशा गोष्टी एका ओळीत मांडल्या, कंस कुठेही घातले, शेजाऱ्याशी जागा बदलल्या, जोड्या जुळवून काढून टाकल्या, तर शेवटी काहीतरी एक उरतं. आता हेच काम दोन माणसांनी दोन वेगवेगळ्या क्रमांनी केलं, तर दोघं एकाच ठिकाणी पोचतात का? मी म्हणाले, पोचणारच. सर म्हणाले, "ठिकाण एकच, ते तर कोनीबी सांगंन. पोचनं एकच आहे का, ते विचारा." एकाच गोष्टीच्या दोन प्रती शेजारी ठेवून त्यांची अदलाबदल केली, तर बघणाऱ्याला काही बदललेलं दिसत नाही. पण अदलाबदल झालेली असते, आणि कधी कधी तिची खूण मागे राहते. उणे चिन्हासारखी. पुन्हा एकदा अदलाबदल केली की ती खूण जाते. काही गोष्टींना ही खूण लागते, काहींना लागत नाही. सगळा विषय या खुणेचा.

"अन हे कशाच्या कामाला येतं?" यांनी एकदा विचारलं.

"काहीच्या नाही," सर आनंदाने म्हणाले.

या कल्पनेचं मूळ त्यांच्या लहानपणात होतं. वरवटला गाय खुंट्याला बांधलेली असायची. ती चरत चरत खुंट्याभोवती फिरून पुन्हा पहिल्या जागी यायची. तीच जागा, तीच गाय, तिकडेच तोंड, पण दावं आखूड झालेलं. सर म्हणत, गाय परत आली असं घरात सगळ्यांना वाटायचं, आली नाही हे फक्त गाईला आणि मला ठाऊक होतं.

मोठेपणी त्यांनी स्वतःलाही असंच दावं लावून घेतलं होतं. बस स्टँडला ज्या रस्त्याने जातील त्याच रस्त्याने परत येत. कोणी स्कूटरवर बसवून दुसऱ्या रस्त्याने घरी सोडलं, तर थँक्यू म्हणून त्याच रस्त्याने पायी स्टँडवर परत जात आणि आपल्या रस्त्याने घरी येत. देवळात एक प्रदक्षिणा सुलट घालत आणि एक उलट. पुजाऱ्यांनी एकदा हटकलं, "सर, उलटी प्रदक्षिणा घालत नसतात."

"मग गुंडाळी सुटंन कशी?"

"अहो, पण पुण्याचं काय? ते पण उलटं फिरलं की."

सरांनी यावर खरोखर विचार केला. "शून्य झालं असंन," म्हणाले. "पन हिशेब साफ राह्यते."

पुजारी माझ्याकडे बघायला लागले. मला तर सरांचं म्हणणं पटलं होतं.

आमच्या पुतण्याच्या घराची वास्तुशांत होती, तेव्हाची गोष्ट अजूनही नातेवाइकांत निघते. पंगत बसली होती. सरांच्या शेजारी यांच्या चुलत बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी बसले होते. धामणगाव बढ्याला त्यांचा भाजीपाल्याचा व्यापार आहे. त्यांनी सरांना विचारलं की तुम्ही नक्की काय शिकवता, आणि सरांनी उत्तर द्यायला भरलेलं ताट तळहातावर घेतलं. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी, सगळं त्यात. हात न उलटवता ते ताट काखेखालून आत वळवत त्यांनी एक पूर्ण फेरी केली. ताट जागेवर आलं, पण हाताचा कोपर आकाशाकडे, खांदा कानाला, माणूस सगळा पिळलेला. "हे पाहा दाजी, ताट आलं, मी नाही आलो." मग तसंच पुढे डोक्यावरून आणखी एक फेरी घातली. हात सरळ झाला. वरण थेंबभर सांडलं नाही. "एका फेरीनं पीळ पडते, दुसरीनं सुटते. गाईचं दावं असं सुटत नाही, ते आणखी गुंडाळते. माह्यं काम गाईचं नाही, ताटाचं आहे."

"त्यात काय अवघड आहे?" म्हणून दाजींनी आपलं ताट उचललं. त्यात कढी वाढलेली होती.

कढी दाजींच्या नव्या शर्टवर, मांडीवर आणि शेजारच्या दोन पाहुण्यांवर गेली. पंगत इतकी हसली की वाढपी थांबले. फक्त दाजींची मुलगी वैशाली हसत नव्हती. ती तेव्हा बीएस्सीला होती. बापाचा शर्ट रुमालाने पुसता पुसता तिने विचारलं, "सर, दोन फेऱ्यांनी पीळ जातो. मग एका फेरीनंतर जे काही होतं, त्याला नाव काय आहे?"

सरांनी घास खाली ठेवला. "तुले कोन सांगतलं हे विचारायले?"

"कोणी नाही. दिसलं ते."

वैशाली एमएस्सीला आमच्याकडे राहायला आली ती अशी. पुढे पीएच.डी.ला सरच तिचे मार्गदर्शक झाले. मामा-मामीचं घर आणि डोक्यावर गुरू, यापेक्षा सोयीचं काय? दाजींनी मात्र सरांना कधी ताट आणि कधी कढी आणून देण्याचा चेष्टेचा नेम अजून सोडलेला नाही.

सरांचं छापून आलेलं संशोधन म्हणजे एकच लेख. तरुणपणी लिहिलेला, परदेशातल्या नियतकालिकात आलेला. त्याचं पहिलं पान त्यांनी चौकटीत घालून खोलीत लावलं होतं. देवाचे फोटो नव्हते, आईवडिलांचा एक होता, आणि हे पान. उलटवता येणाऱ्या गोष्टींच्या काही ओळींत खुणेची काळजी करायची गरजच नसते, कोणत्याही वाटेने जा, पोचणं एकच, असं त्या लेखात त्यांनी सिद्ध केलं होतं. वैशालीचा प्रबंध या पायावर उभा होता. तीन वर्षांचं काम झालं होतं, आणि सर निवृत्त व्हायच्या आत तो विद्यापीठात जाणं गरजेचं होतं. नंतर मार्गदर्शक बदलावा लागला असता, आणि या विषयातला दुसरा माणूस आमच्या भागात शोधूनही मिळाला नसता.

एके सकाळी मी ओट्याशी होते. वैशालीने माझ्या तीन वाट्या घेतल्या आणि एका ओळीत मांडल्या. पहिली सुलट, मधली उपडी, तिसरी सुलट.

"मामी, इकडं बघा ना."

"भाकर करपू राहिली माझी. बोल तू, ऐकू येतं."

"सुलट आणि उपडी मिळून काहीच नाही, बरोबर? आता डावीकडच्या दोन काढल्या, तर उजवी उरली. उजवीकडच्या दोन काढल्या, तर डावी उरली. दोन्ही वेळा सुलट वाटीच."

"मग झालं की."

"नाही झालं. डाव्या जोडीत सुलट आधी येते, उजव्या जोडीत उपडी आधी येते. काढायचा नियम एकाच जोडीसाठी दिलेला आहे. दुसरी काढायची तर आधी दोघींची अदलाबदल करावी लागते. ती अदलाबदल सरांच्या लेखात धरलेलीच नाही. मी सगळ्यात साधं उदाहरण घेऊन करून बघितलं. उणे येतंय." तिचा आवाज बारीक झाला. "आठ दिवस झाले, रोज करून बघते. रोज उणेच येतं."

मी तवा उतरवला. "वर जा आणि सरांना सांग."

"मी कसं सांगू मामी? त्यांचा एकच तर लेख आहे."

"आणि तुझा प्रबंध?"

"तो पण गेला."

एवढ्यात सर विरजणाला वाटी घेऊन खाली आले. ओट्यावर तीन वाट्या मांडलेल्या बघून त्यांचा चेहरा खुलला. "वा! सकाळी सकाळी अभ्यास करून राह्यली का?"

वैशाली खाली बघत म्हणाली, "सर, कोणती जोडी आधी काढायची?"

"कोनतीबी काढ. म्या लेखात दाखवलंच आहे, दोन्ही वाटा..." त्यांनी डावीकडच्या दोन वाट्या उचलल्या. परत ठेवल्या. मग उजवीकडच्या दोन उचलल्या, आणि तसेच उभे राहिले. माझ्या दोन वाट्या त्यांच्या एका हातात, विरजणाची दुसऱ्या हातात. कपाटांवरून हमालांना ताटकळत ठेवणारा माणूस, तीन वाट्यांपुढे अडकला.

"काऊन नाही सांगतलं आधी?" त्यांनी हळूच विचारलं.

सर माझ्या वाट्या घेऊन वर गेले. विरजण राहिलंच.

दुपारी त्यांच्या खोलीतून आवाज नाही, संध्याकाळी नाही. मला काळजी वाटली. यांना वर पाठवलं. हे परत आले ते गंभीर तोंड करून. "बसले आहेत. मला म्हणाले, भाऊ, तुम्ही म्हटलं होतं न, काय फरक पडते? म्या बी तेच म्हटलं होतं. फक्त इंग्रजीत."

दुसऱ्या दिवशी सर धुतलेला शर्ट घालून खाली आले. वैशालीचे डोळे सुजलेले होते. "पोरगी बरोबर आहे," सरांनी जाहीर केलं. "म्या उणे चिन्ह खाल्लं. दोन्ही सारखेच म्हनून त्यायची अदलाबदल धरलीच नाही. लेखात लिहून ठेवलं, हे उघड आहे. उघड! वर्गात हा शब्द म्हननाऱ्याले मी फळ्यापाशी उभा करतो."

"सर, मी दुसरा विषय घेते."

"काऊन? विषय तर आत्ता सापडला. माह्या लेखानं खूण फेकून देल्ली होती. तू खूण संगं घेऊन चाल. कोनत्या वाटेनं कोनती खूण लागते ते लिही, अन दाखव का ज्या दोन वाटांच्या खुणा सारख्या, त्या दोन वाटा एकच. हे माह्यापेक्षा मोठं आहे." मग म्हणाले, "माह्यं तर खोटंच आहे."

वैशालीने पुढचे महिने वरच्या मजल्यावरच काढले. मी चहा द्यायला गेले की बघायचे. चौकटीतलं पान सरांनी काढलं नव्हतं. काचेवर लाल स्केचपेनने एक आडवी रेघ मारली होती, उणे चिन्ह यायला हवं होतं तिथे. नियतकालिकालाही त्यांनी दुरुस्ती कळवली आणि त्यात वैशालीचं नाव घातलं. प्रबंध वेळेत गेला.

आता राहिली तोंडी परीक्षा. ती विद्यापीठात सगळ्यांसमोर होते. बाहेरचे परीक्षक येतात, फळ्यावर मांडायला लावतात, कोणीही प्रश्न विचारू शकतो. सरांनी तयारी आमच्या बैठकीतच सुरू केली. परीक्षक हे नक्की विचारणार होते: तुमचा निष्कर्ष तुमच्या मार्गदर्शकांच्या लेखाशी जुळत नाही, मग खरं कोणतं?

"सांग," सर म्हणाले.

"सर, त्या लेखात ही बाब विचारात घेतलेली दिसत नाही."

"कोन घेतली नाही? भुतानं?"

"म्हणजे सरांकडून थोडं..."

"थोडं?"

"राहून गेलं."

"राहून गेलं म्हंजे? डबा राहून गेला का गाडीत? चुकलं म्हन. सर चुकले, असं म्हन."

वैशालीला ते म्हणता येईना. धामणगावच्या घरात मोठ्या माणसाचं चुकतं तेव्हा "त्यांच्या ध्यानात आलं नसेल" असं म्हणायची रीत. गुरूला तर तेही म्हणत नाहीत. तिने एकदा धीर केला, उठली, आधी सरांच्या पाया पडली आणि मग तोंड उघडलं. सर ओरडले, "पाया नंतर पड! आधी चूक सांग!"

हे पेपर वाचत बसले होते. पेपर खाली करून म्हणाले, "तिला जमत नसेल तर मी म्हणतो. सर चुकले!" कपाटांच्या दिवसापासून तोंडात धरून ठेवलेलं वाक्य होतं ते.

"तुमच्याकडून नको भाऊ. तुम्ही ते मजेनं म्हनून राह्यले."

मी सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "पोरीला कशाला छळता? गोड शब्दांत सांगितलं तरी अर्थ तोच जातो ना?"

हा माझ्या वाट्याचा 'काय फरक पडतो?'. आणि सरांनी मला पायरीवर बसवलं नाही, उभ्याउभ्याच सांगितलं. "नाही जात वहिनी. ती 'राहून गेलं' म्हनंन, तर ऐकनाऱ्याले वाटंन सराचंबी खरं अन हिचंबी खरं. दोन्ही वाटा चालतात. मंग उद्या एखादा माह्या वाटेनं जाईन, अन आठ दिवस उणे कुठून आलं म्हनून रडत बसंन. ही बसली होती तशी. ते नाही पाहिजे मले."

मग मीही तिच्या मागे लागले. भाजी निवडताना म्हणायची, "म्हण." ती म्हणायची, "सर चु..." आणि हसायला लागायची, नाहीतर रडायला. निघायच्या दिवसापर्यंत तिच्या तोंडून ते वाक्य एकदाही पूर्ण निघालं नाही. वर सरांची धमकी वेगळीच: "तू म्हटलं नाही तर मी उठून म्हनंन. पन मंग डिग्री मलेच देतील."

आम्ही गाडी करून गेलो. सर, वैशाली, दाजी, हे आणि मी. सभागृहात पंखे जोरात आणि माणसं थोडी होती. सगळं इंग्रजीत चाललं होतं. मी बीकॉम असल्याने शब्द कळत होते, आणि तीन वाट्यांमुळे थोडा अर्थही. दाजी पांढऱ्या शर्टात ताठ बसले होते, मुलगी फळ्यावर लिहिते आहे एवढंच त्यांना पुरेसं होतं. सर पहिल्या रांगेत कडेला. मार्गदर्शकाने मध्ये बोलायचं नसतं, म्हणून त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले होते.

वैशालीने सुंदर मांडलं. शेवटी परीक्षक, एक वयस्क, सौम्य गृहस्थ, चष्म्यावरून बघत म्हणाले, "यातली चौथी ओळ तुमच्या मार्गदर्शकांच्या छापील लेखाच्या विरुद्ध जाते."

"हो," वैशाली म्हणाली.

"मग आम्ही काय समजायचं?"

वैशालीने सरांकडे बघितलं. सर तिच्याकडे बघत नव्हते. ते समोर फळ्यावरच्या चौथ्या ओळीकडे बघत होते, आणि त्यांचे हात मांड्यांखालून हळूहळू बाहेर येत होते. आता हे उठणार, असं मला वाटलं. यांनी माझं मनगट धरलं.

"आधीच्या कामात..." वैशालीने सुरुवात केली आणि थांबली. खडू दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, आणि हे तिने कोणाकडेही न बघता, सरळ म्हटलं, "तो लेख चुकीचा आहे. माझे सर तिथे चुकले आहेत. कुठे ते मी दाखवते."

तिने दाखवलं. तीन अक्षरं ओळीत मांडली, डावी जोडी पुसली, मग ती परत लिहून उजवी. मधली अदलाबदल मोठ्या अक्षरात लिहिली, आणि तिच्यापुढे उणे. दाजींनी मला हळूच विचारलं, "काय म्हणाली?" मी सांगितलं. त्यांचा चेहरा कढी सांडली तेव्हा होता त्याहून वाईट झाला.

परीक्षक सरांकडे वळले. "आपल्याला यावर काही म्हणायचंय?"

सर उठले. इतकी वर्षं ते वैशालीला 'पोरी', 'तू', 'बे पोट्टे' असं काय काय म्हणत आले होते. ते शुद्ध मराठीत म्हणाले, "मॅडम बरोबर सांगताहेत." आणि बसले.

पदवी जाहीर झाली. हार, फोटो झाले, वैशाली पाया पडली आणि सरांनी या वेळी पडू दिलं. सगळे बाहेर व्हरांड्यात चहा आणि सामोशांकडे गेले. लोक सरांशी बोलताना जरा जपून बोलत होते, आजारी माणसाशी बोलतात तसं. थोड्या वेळाने बघते तर सर नाहीत.

मी सभागृहात गेले. सर फळ्यासमोर एकटे उभे होते. अगदी पहिल्या ओळीपासून, एकेका अक्षराखाली बोट धरून वाचत होते.

"काय बघताय सर?"

"हिची चूक."

"सापडली?"

"नाही न वहिनी." ते पुढच्या ओळीवर गेले. "वरून खाली पाह्यलं. आता खालून वर पाहून राह्यलो."

मी खुर्चीत बसले. त्यांचा आवाज बरा नव्हता, आणि चेहरा मात्र वास्तुशांतीच्या पंगतीत घास खाली ठेवला होता तेव्हापेक्षाही उजळ होता. दोन्ही एकदम कसं जमतं, ते मला सांगता येणार नाही. तेवढ्यात तिथले शिपाई ओलं फडकं घेऊन आले. हॉल बंद करायचा होता.

"सर, पुसू का फळा?"

"थांबा थोडं," सर म्हणाले. मग बाजूला झाले, फळ्याच्या कडेला, जिथून कोणाला आडवे येणार नाहीत असे. "बाहेर चहा पिऊन राह्यले ते लोक. जाताना दारातून त्यायले एकदा आणखी दिसलं पाहिजे. मी कुठं चुकलो ते."